रशियन रिव्हरच्या एकाच बागेतली पिनो न्वार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅलिफोर्नियातल्या या लाल वाइनबद्दलचे हे प्रश्न साधारण तीन प्रकारच्या लोकांकडून येतात. बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास राहणारे आणि पाहुणे आले की त्यांना कुठं फिरवायचं या विवंचनेत असलेले. पुण्या-मुंबईत ज्यांच्या हातात अमेरिकेहून आलेली एखादी बाटली पडली आहे ते. आणि नाशिक-सांगलीकडचे द्राक्ष बागायतदार. तिसऱ्यांचे प्रश्न सगळ्यांत अवघड असतात, म्हणून उत्तरंही त्यांचीच लांबली आहेत.

ही नेमकी कोणती वाइन?

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला सोनोमा काउंटी आहे. तिच्या पश्चिम भागातून रशियन रिव्हर नावाची नदी वाहते आणि जेनर या गावाजवळ पॅसिफिक महासागराला मिळते. नदीच्या खालच्या खोऱ्याला १९८३ मध्ये अमेरिकी सरकारनं अधिकृत द्राक्ष-प्रदेश म्हणून मान्यता दिली. शार्डने ही पांढरी आणि पिनो न्वार ही लाल, या दोन जातींवर या खोऱ्याचं नाव उभं आहे. दोन्ही मूळच्या फ्रान्समधल्या बर्गंडीच्या. इथं आपण बोलतोय ते पिनो न्वारबद्दल, आणि त्यातही एकाच बागेतल्या द्राक्षांपासून केलेल्या वाइनबद्दल.

नाव रशियन कसं?

रशियन लोकांनी १८१२ मध्ये याच किनाऱ्यावर फोर्ट रॉस नावाची वसाहत केली आणि १८४१ पर्यंत ती टिकवली. नदीचं नाव त्यांच्यावरून पडलं.

‘सिंगल व्हिनयार्ड’ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ काय?

लेबलवर एखाद्या बागेचं नाव टाकायचं असेल तर अमेरिकेच्या कायद्यानुसार त्या बाटलीतली किमान ९५ टक्के द्राक्षं त्याच बागेतली असावी लागतात. नुसतं ‘रशियन रिव्हर व्हॅली’ लिहायचं असेल तर ८५ टक्के द्राक्षं त्या खोऱ्यातली असली की पुरतं. द्राक्षाच्या जातीचं नाव लिहायला तर ७५ टक्केच लागतात. म्हणजे ‘पिनो न्वार’ लिहिलेल्या स्वस्त बाटलीत पाव हिस्सा भलतंच काही असू शकतं, आणि ते पूर्ण कायदेशीर आहे.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. बाग आणि वाइनरी यांचा मालक एकच असेल असं नाही. सोनोमात कितीतरी शेतकरी स्वतः वाइन करत नाहीत. ते द्राक्षं विकतात, कधी कधी बागेतल्या ठराविक ओळी वर्षानुवर्षं एकाच वाइनरीला बांधून देतात. त्यामुळे एकाच बागेचं नाव तीन वेगळ्या वाइनरींच्या बाटल्यांवर दिसतं आणि तिन्हींची चव वेगळी लागते. कोणी आठवडाभर आधी तोडणी केलेली असते, कोणी देठांसकट घड टाकीत टाकलेले असतात, कोणी नव्या लाकडी पिंपांचा सढळ हात ठेवलेला असतो. बाग आणि वाइनरी दोन्ही एकाच मालकाच्या ताब्यात आहेत का, हे कळायला लेबलवर ‘इस्टेट बॉटल्ड’ हे शब्द शोधा.

मग बागेचं नाव नसलेली बाटली हलकी समजायची का?

अजिबात नाही. बागेचं नाव म्हणजे माल कुठून आला याचा पत्ता. त्याला गुण कायद्यानं दिलेले नाहीत, आपण मनानं देतो. वाईट वर्षात चार बागांचं मिश्रण करणारा वाइनमेकर एका बागेवर अडून बसलेल्यापेक्षा चांगली वाइन काढतो, कारण एका ठिकाणची उणीव तो दुसरीकडच्या मालानं भरून काढतो. बागेच्या नावाचे जादा पैसे द्यायचे ते एकाच कारणासाठी : त्या जमिनीच्या तुकड्याची लकब ओळखण्यात तुम्हाला रस असेल तर. नुसती जेवणाबरोबर चांगली लाल वाइन हवी असेल तर खोऱ्याचं नाव असलेली साधी बाटली घ्या आणि वाचलेल्या पैशांत दुसरीही घ्या.

उन्हाळ्यात धुकं? ते येतं कुठून?

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगत उत्तरेकडून थंड पाण्याचा प्रवाह येतो. शिवाय वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत वायव्येचे वारे वरचं पाणी किनाऱ्यापासून लांब ढकलतात आणि त्या जागी खोलातलं थंडगार पाणी वर येतं. जुलैतसुद्धा या समुद्रात पाय घातला तर कळा येतात. समुद्रावरून येणारी दमट हवा या पाण्यावर गार होते आणि तिचं धुकं बनतं. त्याच वेळी दीडशे किलोमीटर आत, कॅलिफोर्नियाच्या मधल्या मोठ्या खोऱ्यात पारा ३८-४० अंशांवर गेलेला असतो. तिथली तापलेली हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला किनाऱ्याची गार हवा आत ओढली जाते.

मध्ये किनारी डोंगरांची भिंत आहे. ती ओलांडायला धुक्याला दोन वाटा मिळतात. एक नदीच्या मुखातून वर, खोऱ्याखोऱ्यानं. दुसरी दक्षिणेकडून, पेटलुमा गॅप नावाच्या खिंडीतून. या खिंडीतला वारा इतका नेमाचा आहे की तेवढ्या पट्ट्याला २०१७ च्या अखेरीस स्वतंत्र द्राक्ष-प्रदेश म्हणून मान्यता मिळाली, आणि त्यासाठी वारा हाच मुख्य आधार मांडला गेला.

संध्याकाळी पश्चिमेच्या टेकड्यांवरून धुक्याची कड खाली उतरायला लागते. रात्रभर ते बागांवर बसून राहतं आणि सकाळी दहा-अकराच्या सुमारास विरतं. दुपारी तापमान २८-३० अंशांपर्यंत जातं, रात्री १०-१२ पर्यंत उतरतं. एकाच दिवसात वीस अंशांचा फरक पडणं तिथं नवलाचं नाही.

आमच्याकडे धुकं पडलं की पोटात गोळा येतो. तिथं धुक्याचं कौतुक कसं?

नाशिकच्या बागायतदाराचा हा प्रश्न अगदी रास्त आहे. आपल्याकडे डिसेंबरात धुकं आणि दव पडलं की पहाटे फवारणीचा ट्रॅक्टर बाहेर काढावा लागतो. घड वाढीच्या नाजूक टप्प्यात असतात, मध्येच अवकाळी पाऊस येतो, आणि भुरी, केवडा हे बुरशीचे दोन्ही रोग एकदम अंगावर येतात.

सोनोमातला फरक पावसाचा आहे. मे ते सप्टेंबर तिथं जवळजवळ पाऊसच नसतो. केवड्याला पानावर पाणी लागतं, पावसाचे शिंतोडे लागतात. ते नसल्यानं केवडा हा कॅलिफोर्नियात मोठा प्रश्नच नाही. भुरी मात्र आहे आणि चांगली जबर आहे. गंधकाशिवाय तिथल्या शेतकऱ्याचंही पान हलत नाही. घडकूजही होते, कारण पिनो न्वारचा घड लहान, मणी एकमेकांना चिकटून बसलेले आणि साल पातळ. आत ओल अडकली की मधूनच सड सुरू होते. म्हणून मणी धरल्यानंतर घडाच्या भोवतीची पानं काढतात, पण तीही सकाळच्या उन्हाच्या बाजूची. दुपारच्या बाजूची पानं ठेवतात, नाहीतर घड भाजतात.

आता कौतुकाचं कारण. द्राक्षातलं मॅलिक आम्ल वेल स्वतःच श्वसनासाठी जाळत असते, आणि हवा जितकी उष्ण तितकं ते लवकर जळतं. रात्री गार असल्या की हे जळणं मंदावतं. दुपारच्या उन्हात साखर भरत जाते, रात्रीच्या गारव्यात आंबटपणा टिकून राहतो. पिनो न्वार ही मुळात लवकर पिकणारी जात. तिला गरम जागी लावलं तर ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) झटपट चढतो, पण सालीतला रंग-वास आणि बियांचा तुरटपणा मागंच राहतो. माल गोड होतो आणि बेचव राहतो. धुक्यामुळे रोजच्या उन्हाचे तीन-चार तास कापले जातात, पिकणं लांबतं आणि या सगळ्या गोष्टी बरोबरीनं पुऱ्या होतात. तोडणी बहुधा ऑगस्टच्या शेवटी सुरू होते आणि सप्टेंबरभर चालते.

चव कशी असते?

रंग पाहून पहिल्यांदा फसगत होते. ग्लासमागं धरलेलं बोट दिसतं इतका तो पातळ. यात पाणी घातलेलं नाही. पिनोच्या सालीतली रंगद्रव्यंच कमी आणि साध्या प्रकारची असतात, कॅबर्ने किंवा शिराझ या दुसऱ्या लाल जातींसारखा दाट रंग तिच्यात येतच नाही.

रशियन रिव्हरच्या पिनोत पिकलेली लाल चेरी, रास्पबेरी, थोडी दालचिनी आणि थंड पेयातल्या कोलासारखा एक वास, हा ओळखीचा साचा. चांगल्या बागेतली असेल तर त्याखाली ओल्या पालापाचोळ्याचा, अळंबीचा, काळ्या चहाचा वास येतो. तुरटपणा कमी, तोंडात मऊ, आणि शेवटाला पाणी सुटेल असा आंबटपणा. अल्कोहोल बहुतेक वेळा साडेतेरा ते साडेचौदा टक्के. अमेरिकेत १४ टक्क्यांवरच्या वाइनला लेबलवरच्या आकड्यात एक टक्क्याची सूट आहे, तेव्हा १४.२ वाचलं तरी आत १५ असू शकतं, हे गाडी चालवणाऱ्यानं ध्यानात ठेवावं.

एकाच खोऱ्यातल्या दोन बागांत खरंच फरक कळतो का?

दोन्ही बाटल्या शेजारी शेजारी उघडल्या तर कळतो. एक आज आणि एक पुढच्या दिवाळीत उघडली तर बहुतेकांना कळत नाही, मलाही नाही.

फरकाचं मुख्य कारण धुक्याचे तास. हील्ड्सबर्ग या गावाच्या नैर्ऋत्येला वेस्टसाइड रोड नावाचा वळणावळणाचा रस्ता नदीला धरून जातो. या भागाला मिडल रीच म्हणतात. इथपर्यंत येताना धुकं दमतं, सकाळी लवकर उठतं, म्हणून बागा थोड्या उबदार. जमीन नदीनं आणलेल्या गाळाची, खाली खडे-गोटे. इथली पिनो भरलेली, गोलसर, गडद चेरीची.

तिथून दक्षिणेला सेबॅस्टपोल आणि त्याच्या पश्चिमेला ग्रीन व्हॅली. ग्रीन व्हॅलीला स्वतःची वेगळी मान्यता आहे आणि खोऱ्यातल्या सर्वांत गार भागांत ती धरतात. इथं धुकं आधी येतं आणि उशिरा जातं. इथली माती गोल्डरिज नावाची : पिवळसर, बारीक वाळूची, एका जुन्या उथळ समुद्राच्या तळाचा वाळूखडक झिजून झालेली. मुठीत दाबली तर ढेकूळ होतं, बोटानं टिचकी मारली की भुगा. पाणी धरत नाही, वेलीला फार पोसत नाही, त्यामुळे वेल पानापानांत वाढण्याऐवजी घडाकडे वळते. पूर्वी या मातीत ग्रॅव्हनस्टाइन सफरचंदांच्या बागा होत्या. आता बहुतेक ठिकाणी द्राक्षं आली आहेत. इथली पिनो सडसडीत, जास्त आंबट, लाल फळांची, मसाल्याचा वास असलेली.

माती चवीत ‘उतरते’ असं वाइन विकणारे सांगतात तेव्हा थोडं सावधपणे ऐका. मातीतली खनिजं मुळांवाटे जशीच्या तशी ग्लासात येत नाहीत. माती पाणी किती धरते आणि किती तापते यावर वेल कशी वाढते ते ठरतं, आणि चवीतला फरक तिथून येतो.

रोकिओली हे नाव फार ऐकू येतं. कोण आहेत हे?

वेस्टसाइड रोडवरचं इटालियन वंशाचं शेतकरी घराणं. आधी हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारं पीक) आणि इतर पिकं घेणारं. जो रोकिओली (धाकटे) यांनी १९६८ च्या सुमारास पिनो न्वार लावली, जेव्हा तिला इथं कोणी विचारत नव्हतं आणि असली द्राक्षं घाऊक मिश्रणांत मिसळून जात. १९७३ मध्ये शेजारचे वाइनमेकर डेव्हिस बायनम यांनी त्यांची द्राक्षं घेऊन बाटलीवर बागेचं नाव टाकलं. रशियन रिव्हरमधली बागेच्या नावानं निघालेली ही पहिली पिनो न्वार मानतात.

खरा गाजावाजा मात्र पुढं झाला. बर्ट विल्यम्स आणि एड सेलिएम या दोघा मित्रांनी १९७९ पासून गॅरेजमध्ये हौसेनं वाइन करायला सुरुवात केली होती. त्यांच्या रोकिओली बागेतल्या १९८५ सालच्या पिनोनं १९८७ च्या कॅलिफोर्निया स्टेट फेअरमध्ये सर्वोच्च पारितोषिक मिळवलं. तेव्हापासून या बाटल्यांसाठी नाव नोंदवून रांगेत थांबायची पद्धत पडली. आज रोकिओली घराणं स्वतःही वाइन करतं आणि बागेतल्या एकेका तुकड्याची वेगळी बाटली काढतं : वेस्ट ब्लॉक, ईस्ट ब्लॉक, लिटल हिल, थ्री कॉर्नर वगैरे. सातबाऱ्यावरचे पोटहिस्से लेबलवर यावेत तसा हा प्रकार. तुम्ही पहिल्यांदाच घेत असाल तर यांच्या मागं लागू नका. त्याच रस्त्यावर निम्म्या किमतीत उत्तम वाइन मिळते.

नाशिकला हीच पिनो करता येईल का?

सोनोमा आणि नाशिकचा संबंध जुना आहे. सुला वाइनरीचे संस्थापक राजीव सामंत कॅलिफोर्नियात शिकून, तिथंच नोकरी करून परतले आणि १९९७ मध्ये नाशिकजवळ त्यांनी वाइनची द्राक्षं लावली. त्यांचे सल्लागार वाइनमेकर केरी डॅमस्की सोनोमाचेच. म्हणजे माहिती, माणसं, तंत्र सगळं केव्हाच येऊन पोचलं आहे. तरी पिनो न्वारनं नाशकात मूळ धरलं नाही. तिथं शिराझ, कॅबर्ने, झिनफँडेल रुळल्या.

याचं कारण ऋतूंची दिशा. सोनोमात वेल हिवाळ्यात खरोखर झोपते, मार्चमध्ये फुटते, आणि घड पिकायला लागतात तेव्हा दिवस लहान आणि रात्री गार होत चाललेल्या असतात. आपल्याकडे वेल झोपतच नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतरची गोडी छाटणी करून आपण तिला वळण लावतो. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री नाशकात सोनोमाइतक्याच गार असतात, निफाडला तर जास्तच. पण तेव्हा घड हिरवे असतात. साखर भरायच्या वेळी, फेब्रुवारी-मार्चमध्ये, आपल्याकडे ऊन रोज चढत असतं. ज्या टप्प्यावर पिनोला गारवा हवा नेमका त्याच टप्प्यावर आपण तिला उन्हाळ्याच्या तोंडी देतो. शिराझला हे चालतं, पिनोला नाही. हौसेखातर दोन ओळी जरूर लावून बघा. एकरावर कर्ज काढू नका.

तिथल्या शेतकऱ्याला कशाची धास्ती असते? गारपीट?

गारपीट क्वचित. पहिली धास्ती वसंतातल्या हिमाची. पिनो लवकर फुटते आणि मार्च-एप्रिलच्या एखाद्या रात्री पारा शून्याखाली गेला की कोवळे कोंब काळे पडतात. उपाय ऐकून आपल्याकडचे लोक हसतात : रात्रभर तुषार सिंचन सुरू ठेवायचं. कोंबावर पाणी गोठतं, गोठताना उष्णता सोडतं, आणि पाणी पडत राहील तोवर बर्फाच्या आतला कोंब शून्य अंशापाशी तगून राहतो. सकाळी अख्खी बाग काचेची झालेली दिसते. मात्र सगळ्यांनी एकाच रात्री नदीतून पाणी उपसल्यानं माशांची पिलं कोरडी पडल्याच्या घटना घडल्या आणि राज्यानं या उपशावर नियम आणले.

दुसरी धास्ती तोडणीच्या तोंडावर येणाऱ्या उष्णतेच्या लाटेची. सप्टेंबर २०२२ च्या पहिल्या आठवड्यात अशी मोठी लाट आली आणि सगळ्यांचा माल एकदम तोडणीला आला. मजूर तेवढेच, टाक्या तेवढ्याच.

तिसरी, आणि आता सर्वांत मोठी, वणव्याच्या धुराची. ऑगस्ट २०२० मध्ये विजांनी लागलेल्या आगी हील्ड्सबर्गच्या पश्चिमेच्या डोंगरांत पसरल्या. बहुतेक बागा जळाल्या नाहीत, पण धूर दिवसेंदिवस घडांवर बसून राहिला. धुरातली रसायनं सालीतून आत जातात आणि साखरेला जखडून बसतात, त्यामुळे द्राक्ष खाताना काही कळत नाही. आंबवताना आणि नंतर बाटलीत ती हळूहळू सुटतात, मग वाइनला विझलेल्या राखेचा वास येतो. पिनो सालीसकट आंबवतात, साल पातळ, वाइन नाजूक. लपवायला जागाच नाही. अनेक वाइनरींनी त्या वर्षी पिनो काढलीच नाही.

आणि चौथी, जी तुम्हाला सांगायला नको : माल चांगला, पण घेणारा नाही. अलीकडे वाइनचा खप उतरला तशी सोनोमातही काही बागांतली द्राक्षं न तोडता वेलीवरच राहिली.

मग कुठल्या सालाची घ्यावी?

२०१८ आणि २०१९ दिसली तर डोळे झाकून. २०२० असेल तर वाइनरीनं धुराबद्दल काय केलं ते विचारून. २०२३ चा हंगाम गार आणि लांबलेला होता. आंबटपणा आवडणाऱ्यांनी ते शोधावं.

बनवतात कशी?

बहुतेक तोडणी रात्री, डोक्याला दिवे बांधून, हातानं होते. घड गारच वाइनरीत पोचावेत हा हेतू. मणी देठांपासून सोडवून (किंवा काही घड देठांसकट) उघड्या टाकीत घालतात, काही दिवस थंड ठेवतात, मग आंबू देतात. आंबताना साली वर तरंगून जाड थर धरतात. तो दिवसातून एकदा-दोनदा हातानं किंवा यंत्रानं खाली दाबायचा. हे काम जोरात केलं तर वाइन कडू होते, हलकं केलं तर फिकी. दोन-तीन आठवड्यांनी गाळून ती फ्रेंच ओकच्या २२८ लिटरच्या पिंपांत जाते. एका पिंपातून तीनशेच्या आसपास बाटल्या निघतात. दहा ते सोळा महिने पिंपात, मग बाटलीत.

एवढी महाग का?

या खोऱ्यातल्या एकाच बागेच्या पिनोची किंमत साधारण ५० ते १२० डॉलर. हिशेब असा : सोनोमा पिनोचा टनाला भाव साधारण साडेतीन ते चार हजार डॉलर, आणि नावाजलेल्या बागेचा त्याहून पुष्कळ वर. तिथला जुना ठोकताळा म्हणजे टनाच्या भावाला शंभरानं भागलं की बाटलीची वाजवी किंमत येते. त्यात एकरी उत्पन्न दोन ते चार टन, हातानं तोडणी आणि हजार डॉलरच्या वर जाणारं एकेक फ्रेंच पिंप. यानंतरचा पैसा नावाचा. शंभर डॉलरची बाटली पन्नासच्या बाटलीपेक्षा दुप्पट चांगली लागेल ही अपेक्षा ठेवू नका.

शाकाहारी माणसानं प्यायली तर चालते का?

द्राक्ष आणि यीस्ट एवढंच असेल तर हो. पण वाइन नितळ करायला काही वाइनमेकर अंड्याचा बलक सोडून पांढरा भाग, दुधातलं केसीन किंवा माशापासून काढलेला चिकट पदार्थ वापरतात. तो नंतर गाळला जातो, तरी ज्याला चालत नाही त्याला चालत नाही. चांगल्या पिनो बऱ्याचदा असं काही न वापरता, गाळल्याशिवायच भरतात. मागच्या लेबलवर ‘अनफाइन्ड, अनफिल्टर्ड’ लिहिलेलं असतं. अशा बाटलीच्या तळाशी थोडा गाळ असला तर घाबरू नका.

‘कंटेन्स सल्फाइट्स’ लिहिलंय. डोकं त्यानंच दुखतं ना?

सल्फाइट म्हणजे वाइन टिकवणारं गंधकाचं संयुग. दहा लाखांत दहा किंवा त्याहून जास्त भाग सल्फाइट असलं की अमेरिकेत हे लिहावंच लागतं, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक बाटलीवर ते असतं. सुक्या जर्दाळूत सल्फाइट वाइनच्या कितीतरी पट असतं. ते खाऊन डोकं दुखत नसेल तर दोष दुसऱ्या कशाला तरी द्यावा लागेल, आणि पहिला संशयित अल्कोहोलच. दमेकऱ्यांना मात्र सल्फाइटचा खरोखर त्रास होऊ शकतो, त्यांनी डॉक्टरांना विचारावं.

फ्रीजमध्ये ठेवायची की बाहेर?

‘लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला युरोपातल्या थंड घरांचा आहे. मे महिन्यातल्या पुण्याच्या खोलीचं तापमान ३५ अंश असतं. त्या तापमानाला पिनो म्हणजे औषधाचा काढा. ही वाइन १३ ते १६ अंशांना चांगली लागते. प्यायच्या आधी दोन-अडीच तास फ्रीजमध्ये ठेवा. ग्लास पोट मोठं आणि तोंड निमुळतं असा घ्या, आणि तिसरा हिस्साच भरा. या वाइनची अर्धी मजा वासात आहे.

आपल्या जेवणाबरोबर काय?

तिखटजाळ काही नको. मिरचीची आग आणि साडेचौदा टक्के अल्कोहोल एकमेकांना चेतवतात आणि वाइनचं फळ कुठल्या कुठं जातं. तांबड्या रश्श्याला थंड बिअरच बरी. पांढरा रस्सा मात्र करून बघा : नारळाचं दूध, खसखस, मटणाचा अर्क आणि सौम्य गरम मसाला या पिनोशी छान बसतो. अळंबीची सुकी भाजी किंवा अळंबी घातलेला पुलाव यांची जोडी सगळ्यांत सोपी. तव्यावर थोड्या तेलात परतलेला रावस चालतो, पण हळद-मीठ-मिरपुडीवर. लाल तिखटाचा लेप नको. कमी तिखटाची, दाण्याच्या कुटाची भरली वांगीही जमतात. श्रीखंडाबरोबर काढू नका, वाइन आंबट ढाण लागेल.

बाटली किती वर्षं ठेवता येते?

चांगल्या बागेची पिनो लेबलवरच्या वर्षापासून पाच ते दहा वर्षं सुधारते किंवा निदान टिकते, पण १२-१४ अंशांच्या अंधाऱ्या जागेत. पुण्यातल्या माळ्यावर दोन उन्हाळे काढलेली बाटली उकडलेल्या मनुकांसारखी लागते. वाइनचा खास फ्रीज नसेल तर साध्या फ्रीजच्या तळच्या कप्प्यात आडवी ठेवा आणि वर्षाच्या आत संपवा. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसासाठी राखून ठेवू नका.

भारतात किती बाटल्या आणता येतात?

प्रवाशाला शुल्काविना दोन लिटर मद्य आणता येतं. ७५० मिलीच्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर. तिसरी घेतली की सव्वादोन होतात आणि जादा भागावर भरमसाठ शुल्क बसतं. बाटल्या चेक-इन सामानात, कपड्यांच्या मधोमध आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. भारतात उतरल्यावर आपापल्या राज्याचे वयाचे आणि परवान्याचे नियम लागू होतात.

आई-बाबा येताहेत, ते घेत नाहीत. तरी त्यांना नेण्यासारखं आहे का?

हो, आणि त्यांनाच जास्त आवडतं. सॅन फ्रान्सिस्कोहून १०१ महामार्गानं हील्ड्सबर्ग सव्वा-दीड तास. जुलै असला तरी स्वेटर घ्या. सकाळी नऊला धुक्यात कुडकुडायला होतं आणि दुपारी बारीक घाम येतो. वाइनरीत आधी वेळ घेऊन जावं लागतं आणि चव घेण्याचे माणशी पैसे पडतात. न पिणाऱ्यांचे बहुतेक ठिकाणी घेत नाहीत, पण फोनवर विचारून ठेवा. एका दिवसात दोन वाइनरी पुरेत. गाडी चालवणाऱ्यानं चव घेऊन थुंकायचं भांडं मागावं, त्यात कसलाही कमीपणा नाही.

दुपारी गर्नव्हिलजवळच्या आर्मस्ट्राँग अभयारण्यात जा. तिथं रेडवुडची हजार वर्षांहून जुनी झाडं आहेत, सपाट वाट आहे आणि गुडघेदुखीवाल्यांनाही आरामात फिरता येतं. तिथून नदीच्या कडेनं जेनरपर्यंत गेलात तर संध्याकाळी धुकं समुद्रावरून आत शिरताना समोर दिसतं. बाबा शेतकरी असतील तर बागेच्या कडेला गाडी थांबवावीच लागेल, तेवढा वेळ हाताशी ठेवा. फक्त विचारल्याशिवाय कुंपणाच्या आत जाऊ नये. बाहेरच्या बुटांवरून मुळांचे रोग आणि किडी येतात म्हणून तिथले लोक याबाबत कडक आहेत.

उघडलेली बाटली उरली तर?

बूच घट्ट लावून फ्रीजमध्ये उभी ठेवा. दुसऱ्या दिवशी ती बऱ्याचदा पहिल्यापेक्षा बरी लागते, तिसऱ्या दिवशी वास उतरतो. त्यानंतर पिऊ नका. कांदा-लसूण परतून अळंबीत अर्धी वाटी घाला आणि आटवा.